डब्यांतलें तेल आणि टाकींतलें तेल

रायगड जिल्ह्याला कुलाबा म्हणत त्या काळीं या किनाऱ्यावर तेल आलें तें समुद्रावाटे, आणि डब्यांतून. चार गॅलनांचा चौकोनी पत्र्याचा डबा, असे दोन डबे एका लांकडी खोक्यांत. मुंबईहून निघून ते रेवस, धरमतर, रेवदंडा, मुरूड अशा बंदरांवर उतरत. आंतलें रॉकेल जळून गेलें तरी डबा घरांत राही. त्याचें पाण्याचें भांडें होई, धान्याची कोठी होई, आणि शेवटीं कापून-ठोकून पडवीचें छप्परही होई. तेलापेक्षां डब्याचें आयुष्य मोठें!

पुढें मोटार आली तेव्हां पेट्रोलाचीही हीच तऱ्हा झाली. अलिबागला उतारूंची आगगाडी तेव्हांही नव्हती आणि आजही नाहीं. धरमतरच्या धक्क्यावर बोटींतून उतरावें आणि सडक धरावी, असा प्रवास. वाटेंत पेट्रोल मिळण्याची शाश्वती नसे. म्हणून एखादा भरलेला डबा गाडीवर बांधून घेण्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नसे. मालमोटारीला जोडावयाची जादा टाकी म्हणून आज ज्या वस्तूची चर्चा होते, तिचा मूळपुरुष हा डबाच होय.

परंतु रॉकेल आणि पेट्रोल हीं दिसावयास सारखीं असलीं तरी स्वभावानें भावंडें नव्हेत. पेट्रोलाची वाफ साध्या हवेंत उठते आणि ठिणगीची वाट पाहते. कायद्यानें तेलाची प्रतवारी केली ती याच कसोटीवर. ज्या तेलाची वाफ २३ अंश सेंटिग्रेडच्या खालींच पेट घेऊं शकते तें आजच्या कायद्याच्या भाषेंत ‘अ’ वर्गाचें. २३ ते ६५ अंशांच्या दरम्यानचें ‘ब’ वर्गाचें. पेट्रोल पहिल्यांत पडतें, डिझेल दुसऱ्यांत. कोंकणच्या किनाऱ्यावर थंडीच्या पहाटा सोडल्या तर हवा २३ अंशांच्या खालीं फारशी जात नाहीं, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे या आकड्याचें मर्म कळतें.

१८९९ चा जुना कायदा मागें टाकून १९३४ सालीं पेट्रोलियमचा जो कायदा झाला, तो दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. त्याचें नववें कलम खास मोटारवाल्यांसाठीं लिहिलेलें आहे. गाडींतच बसविलेल्या टाकींत जें तेल असेल त्यासाठीं परवाना नको, हा पहिला भाग. त्याशिवाय शंभर लिटरपर्यंत पेट्रोल जवळ बाळगण्यासही परवाना नको, मात्र तें गाडी चालविण्यासाठींच असलें पाहिजे, हा दुसरा भाग. एका मालकाच्या चार गाड्या असल्या म्हणून चारशें लिटरांची मुभा मिळत नाहीं. मर्यादा माणसामागें शंभरांचीच. धातूच्या भांड्यांत तें ठेवावयाचें तर एक भांडें पंचवीस लिटरांहून मोठें नसावें आणि त्याचें बूच घट्ट असावें. सांठा तीस लिटरांच्या वर गेला तर तो राहत्या किंवा कामाच्या खोलीशीं संबंध नसलेल्या एकट्या जागीं हवा.

येथें पुष्कळांची फसगत होते. शंभर लिटरांची सवलत आहे ना, मग गाडीच्या हौद्यांत शंभर लिटरांची एक टाकी जोडून घ्यावी, असा सरळ हिशेब मांडला जातो. पण सवलत आहे ती पंचवीस लिटरांच्या सुट्या भांड्यांना. टाकी गाडीला कायमची जोडली, नळी इंजिनापर्यंत नेली, म्हणजे तें तेल पहिल्या भागांत जातें; आणि त्या भागाला आरंभींच एक अट आहे. सवलत मिळते ती मोटारींच्या नोंदणीचा कायदा पाळणाऱ्या मालकाला. तेलाचा कायदा अशा रीतीनें त्या मनुष्याचा हात धरून त्याला मोटारीच्या कायद्याच्या दारांत नेऊन उभा करतो.

हा दुसरा कायदा प्रारंभीं बराच सौम्य होता. १९१४ चा कायदा जाऊन १९३९ सालीं मोटार वाहनांचा नवा कायदा आला. गाडी आणि तिच्या नोंदणीचा कागद यांत अंतर पडलें तर तें अधिकाऱ्यापासून लपून राहूं नये, एवढाच त्यांतील फेरबदलाच्या कलमाचा रोख. काळही तसाच होता. महायुद्ध पेटलें, १९४१ सालीं पेट्रोलावर नियंत्रण आलें आणि मोटारीच्या पाठीवर कोळशाचा गॅस करणारें उभें पिंप चढलें. रानांत कोळसा पाडण्याचे कष्ट कातकऱ्यांचे. तो पिंपांत भरावयाचा, पंखा फिरवून विस्तव फुलवावयाचा आणि मग गाडी कशीबशी चढावर ओढावयाची. जादा इंधनाचें याहून बोजड आणि धुरकट साधन दुसरें झालें नसेल. पण गरजेपुढें सरकारनेंही त्याला उत्तेजनच दिलें. गाडी ज्याची, तिच्यांत फेरफार करण्याचा हक्कही त्याचाच, ही समजूत आपल्या लोकांत रुजली तिला त्या दिवसांचाही हातभार लागला असावा.

१९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमानें अगोदर सूचना आणि मग मंजुरी असा क्रम घालून दिला. तरीही एक फट होती. जोडसामान चढविल्यामुळें किंवा उतरविल्यामुळें गाडीच्या मोकळ्या वजनांत शेंकडा दोनपर्यंत फरक पडला तर मंजुरी लागत नसे. सतराशें किलो वजनाच्या पिकअप गाडीला हे चौतीस किलो होतात. पत्र्याची एखादी रिकामी टाकी त्यांत बसूं शकते! मात्र ती भरली कीं गोष्ट निराळी. शंभर लिटर डिझेलचेंच वजन ऐशीं किलोंच्या वर जातें, आणि अर्ध्या भरलेल्या टाकींतलें तेल वळणावर स्वस्थ बसत नाहीं.

२००० सालच्या दुरुस्तीनें ही फट बुजविली. तेव्हांपासून कसोटी कागदाची राहिली नाहीं, कारखान्याची झाली. कारखानदारानें मुळांत जो तपशील ठरविला त्याच्याशीं विसंगत असा बदल मालकानें करूं नये, असें कलमाचें रूप झालें. इंजिन निराळ्या इंधनावर चालविण्यासाठीं मान्य साधनें बसविण्यास तेवढा अपवाद ठेवला. केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं याच अर्थावर शिक्कामोर्तब केलें. मूळ रचनेला धक्का देणारा फेरबदल राज्याच्या नियमांचा आधार घेऊनही करतां येणार नाहीं, असा त्या निकालाचा आशय. त्याच वर्षीं कायद्यांत १८२-अ हें कलम आलें. नियमबाह्य रीतीनें भाग जोडून गाडींत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीं.

नोंदणीच्या पुस्तकांत टाकी किती लिटरांची हें लिहावयास रकानाच नाहीं, म्हणून जादा टाकीला हरकत नाहीं, असा युक्तिवाद गॅरेजांतून अजून ऐकूं येतो. १९८८ च्या मूळ शब्दांवर तो कदाचित् टिकला असता. आज त्याचा पाया डळमळीत झाला आहे, कारण गाडीचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेंत तपासला जातो तो टाकीसकट तपासला जातो.

मुरूड, रेवदंडा किंवा थळच्या कोळ्याला मात्र हा इतिहास ऐकून नवल वाटेल. होडीसाठीं पिकअपमधून डिझेल न्यावयाचें असेल तर ‘ब’ वर्गाच्या तेलाला पेट्रोलियमचा कायदा बराच मोकळा हात देतो. एका ठिकाणीं अडीच हजार लिटरांपर्यंत सांठा असला आणि कोणतेंही भांडें हजार लिटरांहून मोठें नसलें, तर वाहतुकीला किंवा सांठ्याला परवाना लागत नाहीं. म्हणजे दोनशें लिटरांचें पिंप हौद्यांत नीट बांधून नेणें चालतें, आणि साठ लिटरांची टाकी त्याच हौद्यांत जोडून तिची नळी इंजिनाला लावली कीं तो गुन्हा ठरूं शकतो. हें उफराटें वाटतें खरें. परंतु पिंप हा माल आहे. तो जेट्टीवर उतरतो आणि गाडी पूर्वींसारखी होते. टाकी गाडीबरोबर राहते. तिचा सांधा, तिची नळी, तिची वाफ जाण्याची वाट हीं सारीं गॅरेजांतल्या एका कारागिराच्या हातावर अवलंबून असतात, आणि खाऱ्या वाऱ्यांत पत्रा किती लवकर खातो हें या किनाऱ्याला सांगावयास नको. गाडीला आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्या सांध्याविषयींच विचारील.

मालकाचें गाऱ्हाणें अगदींच खोटें आहे असेंही नाहीं. चांगली टाकी चांगल्या रीतीनें बसवून घेणाऱ्याला, ती तपासून मंजूर करून घेण्याची सोपी वाट कायद्यानें ठेवलेली नाहीं. गॅसच्या साधनांसाठीं तशी वाट आहे. त्याच इंधनाच्या जादा टाकीसाठीं नाहीं. तोंवर मोठ्या टाकीसह कारखान्यांतूनच तपासून आलेली गाडी घेणें, किंवा जुन्या कुलाब्याप्रमाणें डबा बांधून नेणें, एवढेच दोन निर्वेध मार्ग पेणच्या परिवहन कार्यालयांत नोंदलेल्या ‘एम. एच. ०६’ च्या मालकापुढें उरतात.