दिमडीवरचं कातडं

खंडोबाच्या जागरणात वाघ्या दिमडी वाजवतो, मुरळी घोळ हलवते. पूर्वी दिमडीला घोरपडीचं कातडं चढवत; पातळ, चिवट, आवाज टणक. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा घोरपडीला संरक्षण देतो. तिचं कातडं विकणं गुन्हाच. तरी ‘अस्सल आहे’ म्हणून कानाशी लागणारे भेटतातच!

जेऊरच्या आम्हा बायांचं म्हणणं सरळ आहे: बचतीच्या पैशातून घ्यायची, तर शेळीच्या कातड्याचीच घ्या. कडं चिरलेलं नको. कडेकडेनं वाजवून बघा, आवाज सगळीकडं सारखा यायला हवा. पावसाळ्यात कातडं सैल पडतं. थोडा वेळ धगीजवळ धरा, चुलीला टेकवू नका. जागरण झालं की कोरड्या फडक्यात गुंडाळून उंच टांगा, उंदीर कुरतडतात.