कावेरीच्या पाण्यावर विसंबलेले पाहुणे : तंजावूर परिसरातील हंगामी पाणथळी

तंजावूर : पुराच्या पाण्यावर जगणारे वन्यजीवन म्हटले की आफ्रिकेतील बोत्सवाना देशाचा ओकावांगो त्रिभुज प्रदेश आठवतो. अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेल्या पावसाचे पाणी तेथे काही महिन्यांनी, ऐन कोरड्या हंगामात पोहोचते आणि हजारो प्राणी त्याभोवती गोळा होतात. 2014 मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. दूरच्या पावसावर पोसली जाणारी अशीच पाणथळ भूमी भारतात कावेरीच्या मुखाशी आहे. फरक इतकाच की, येथे पाण्याची वेळ निसर्गाबरोबर माणूसही ठरवतो.

नैऋत्य मोसमी पावसाचे कर्नाटकातील पाणी मेट्टूर धरणात साठते. 1934 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणातून त्रिभुज प्रदेशासाठी 12 जून रोजी पाणी सोडण्याचा आणि 28 जानेवारीला ते बंद करण्याचा प्रघात आहे. कालव्यांतून हे पाणी भातशेतीला मिळते आणि तलावही भरतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस त्यात भर घालतो. उन्हाळ्यात यांपैकी अनेक तलाव कोरडे पडतात.

तंजावूरहून मन्नारगुडीकडे जाताना सुमारे 25 किलोमीटरवर वडुवूरचा तलाव लागतो. सुमारे 113 हेक्टरांचा हा सिंचन तलाव 1999 मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. चित्रबलाक, शराटी, चमचा, पाणकावळे, राखी बगळे आणि नाना जातींची बदके येथे दिसतात. तिरुवारूर जिल्ह्यातीलच उदयमार्तंडपुरम हे अभयारण्य मुग्धबलाकांसाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही स्थळांना 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. तंजावूरच्या उत्तरेस, अरियलूर जिल्ह्यातील करैवेट्टी तलावाला तो 2024 मध्ये लाभला.

समुद्रकाठी वेदारण्यमजवळ कोडियक्करै अभयारण्य आहे. नागपट्टिणम जिल्हा 1991 मध्ये वेगळा होईपर्यंत हा भाग तंजावूर जिल्ह्यातच मोडत असे. काळविटांच्या रक्षणासाठी 1967 मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्यात चितळ आणि रानटी बनलेले घोडेही आहेत. पावसाळ्यानंतर लगतच्या दलदलीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. डॉ. सलीम अली यांनी या जागेचे महत्त्व ओळखले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने येथे पक्ष्यांना कडी घालून स्थलांतराचा दीर्घ अभ्यास केला. 2002 मध्ये या परिसराला रामसर दर्जा मिळाला.

भेटीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य. पहाटे किंवा सूर्यास्तापूर्वी जावे, दुर्बीण सोबत ठेवावी, घरट्यांच्या झाडांपासून दूर राहावे आणि निघण्यापूर्वी वनविभागाकडे प्रवेशाची चौकशी करावी. चक्रीवादळाच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नये. नोव्हेंबर 2018 मधील ‘गज’ चक्रीवादळाने कोडियक्करैच्या जंगलाची मोठी हानी केली आणि त्यात अनेक हरणे मृत्युमुखी पडली.

तंजावूरला येणारा मराठी प्रवासी बहुधा बृहदीश्वर मंदिर, भोसले घराण्याचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून परततो. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी स्थापलेले हे राज्य ज्या सुपीकतेवर उभे राहिले, ती कावेरीचीच देणगी होती. हिवाळ्यातील एक जादा दिवस त्या पाण्याचे दुसरे रूप दाखवू शकतो.

या दृश्याचे भवितव्य मात्र पाण्याशी बांधलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 च्या निकालात कर्नाटकाने तामिळनाडूसाठी दरवर्षी सोडायचे पाणी 177.25 अब्ज घनफूट निश्चित केले. तरीही कमी पावसाच्या वर्षी मेट्टूरचे दरवाजे उघडण्यास विलंब होतो, शेतकऱ्यांची कुरुवै भाताची पेरणी लांबते आणि तलावही उशिरा भरतात. झाडांभोवती पाणी नसेल, तर पाणपक्षी तेथे घरटी करण्याचे टाळतात. त्यामुळे शेतकरी आणि पक्षी येथे प्रतिस्पर्धी नाहीत. दोघेही एकाच कालव्याच्या पाण्याची वाट पाहतात.