सुरतेचा कवी नर्मद

नर्मदाशंकर लालशंकर दवे, म्हणजेच कवी नर्मद, यांचा जन्म २४ ऑगस्ट १८३३ रोजी सुरतेतील नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. तोवर सुरत बंदराचे वैभव मुंबईकडे गेले होते. नव्या विचारांची हालचाल मात्र शहरात लवकरच सुरू झाली. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी येथे मानवधर्म सभा स्थापन केली. जातिभेदावर आणि मंत्रतंत्रावर तिथे उघड टीका होई. दादोबांनी पुढे मुंबईत काढलेल्या परमहंस सभेची पूर्वतयारी अशी सुरतेत झाली होती.

नर्मद मुंबईच्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत शिकले. संघटित होण्याचे फायदे सांगणारे त्यांचे १८५१ चे भाषण गुजराती निबंधाचा आरंभ मानले जाते. २३ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे लेखणीवरच जगायचे ठरवले. पुस्तके विकत घेणारे मोजकेच असलेल्या त्या काळात हा निर्णय धाडसाचा होता. कर्जाने त्यांची पाठ सोडली नाही.

१८६० मध्ये विधवाविवाहाच्या प्रश्नावर त्यांनी वैष्णव महाराज जदुनाथजींशी जाहीर वाद घातला. १८६४ मध्ये 'डांडियो' हे पाक्षिक काढून सामाजिक दंभावर प्रहार केले. पुढे स्वतः एका विधवेशी लग्नही केले. आधीची पत्नी डाहीगौरी तेव्हा हयात होती, आणि या सुधारणेची किंमत तिलाही मोजावी लागली. नर्मदांचे मोठेपण सांगताना तिला विसरणे अन्यायाचे ठरेल.

नर्मदांच्या कवितेने गुजरातीत प्रेम, निसर्ग आणि स्वदेशाभिमान हे विषय नव्या जोमाने आणले. तरी त्यांचे गद्य अधिक टिकाऊ आहे. १८६६ मध्ये लिहिलेले 'मारी हकीकत' हे गुजरातीतील पहिले आत्मचरित्र कमालीचे मोकळे आहे. ते वाचकांसमोर आले जन्मशताब्दीला, १९३३ मध्ये. 'नर्मकोश' हा शब्दकोश त्यांनी अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने रचला आणि १८७३ मध्ये पूर्ण केला. आज गुजरातचे राज्यगीत असलेले 'जय जय गरवी गुजरात' त्याच कोशाच्या प्रस्तावनेसाठी लिहिले होते.

उतारवयात ते आर्यधर्माकडे वळले. 'धर्मविचार' या पुस्तकात त्यांनी आपल्याच जुन्या मतांची फेरतपासणी केली. सुधारक मित्रांना ते रुचले नाही. १८८२ मध्ये पैशाच्या ओढगस्तीपायी त्यांना गोकुळदास तेजपाल धर्मादाय संस्थेत नोकरी पत्करावी लागली आणि लेखणीवर जगण्याचे चोवीस वर्षे पाळलेले व्रत मोडले. २६ फेब्रुवारी १८८६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस गुजराती भाषा दिन म्हणून पाळला जातो, आणि २००४ पासून सुरतेचे विद्यापीठ वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.