वेब-ब्राउझरांच्या प्रकाशनकालाचा प्रश्न

ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीचे वर्ष एकदा निश्चित झाले म्हणजे ग्रंथेतिहासकाराला पुढील विवेचनासाठी पक्का आधार मिळतो. संगणकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही हीच पद्धत उचललेली दिसते. मोझेइक १९९३, इंटरनेट एक्सप्लोरर १९९५, क्रोम २००८ अशा सनावळ्या सर्वत्र आढळतात व विद्यार्थीही त्या तशाच उद्धृत करतात. परंतु ब्राउझर हा ग्रंथाप्रमाणे सर्व वाचकांच्या हाती एकाच वेळी पडत नाही. तो विंडोज, मॅक, युनिक्स, लिनक्स यांपैकी कोणत्या तरी ऑपरेटिंग सिस्टीमवर चालावा लागतो व प्रत्येक प्रणालीसाठी त्याची निराळी सिद्धता करावी लागते. परिणामी एकाच नावाच्या ब्राउझरला अनेक जन्मतिथी असतात. या तिथींमधील अंतर हे इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रारंभापासूनच हे अंतर आढळते. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर सिद्ध केला तो नेक्स्ट या संगणकावर. त्यात पाने वाचण्याबरोबरच ती लिहिण्याचीही सोय होती. पण नेक्स्टची यंत्रे फार थोड्यांजवळ होती. म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने १९९१ मध्ये केवळ अक्षरे दाखविणारा एक साधा ब्राउझर तयार केला. तो बहुतेक यंत्रांवर चालू शके. मात्र त्यात लेखनाची सोय नव्हती. अनेकांना वेबचा पहिला परिचय झाला तो या दुसऱ्या रूपाने. वेब हे मुख्यतः वाचनाचे साधन होय, ही समजूत रूढ होण्यामागे या घटनेचाही वाटा असावा.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेत मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांनी रचलेल्या मोझेइकची चाचणी आवृत्ती जानेवारी १९९३ मध्ये युनिक्सवरील एक्स विंडो या व्यवस्थेसाठी प्रसिद्ध झाली व एप्रिलमध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. विंडोज व मॅक यांच्या पूर्ण आवृत्त्या त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत आल्या. या क्रमाचे कारण उघड आहे. कर्ते ज्या यंत्रांवर काम करीत होते आणि ज्या संशोधकांना डोळ्यांसमोर ठेवीत होते, ती यंत्रे व ते संशोधक युनिक्सचे होते. विंडोज ३.१ मध्ये तर इंटरनेटशी जोडणी करणारी व्यवस्थाही अंगभूत नव्हती. ती बाहेरून बसवावी लागे. तथापि याच मधल्या अवधीत, जून १९९३ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठाच्या विधिविषयक माहितीसंस्थेतील टॉमस ब्रूस यांनी विंडोजसाठी चेलो हा ब्राउझर काढला, कारण वकिलांच्या मेजावर विंडोजचीच यंत्रे होती. एकाच वर्षी दोन विद्यापीठांत दोन प्रणालींना अग्रक्रम मिळाला. प्रत्येकाने आपला वाचक कोण, हे आधी ठरविले होते. प्रणालीची निवड त्यामागून आली.

येथवर अंतराचे कारण श्रम व परिसर हे होते. इंटरनेट एक्सप्लोररच्या बाबतीत त्यात स्वामित्वाची भर पडली. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट १९९५ मध्ये पहिली आवृत्ती विंडोज ९५ साठी काढली. तिला मॅकवर प्रतिरूपच नव्हते. दुसरी आवृत्ती विंडोजवर नोव्हेंबर १९९५ मध्ये व मॅकवर एप्रिल १९९६ मध्ये आली. तिसरी अनुक्रमे ऑगस्ट १९९६ व जानेवारी १९९७ मध्ये, चौथी सप्टेंबर १९९७ व जानेवारी १९९८ मध्ये, आणि पाचवी मार्च १९९९ व मार्च २००० मध्ये. म्हणजे चार-पाच महिन्यांचे अंतर अखेरीस एका वर्षावर गेले. सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये विंडोजवर आली; मॅकवर ती कधीच आली नाही. दरम्यान ऑगस्ट १९९७ मध्ये ॲपल व मायक्रोसॉफ्ट यांच्यात करार होऊन एक्सप्लोरर हा मॅकवरील प्रमुख ब्राउझर ठरला होता. मॅकसाठीचे ऑफिस बंद करण्याच्या धमकीचा या वाटाघाटीत दबाव म्हणून उपयोग झाला, असा निष्कर्ष न्यायमूर्ती टॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये नोंदविला. जानेवारी २००३ मध्ये ॲपलने सफारीची चाचणी आवृत्ती प्रसिद्ध केली व त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने मॅकवरील एक्सप्लोररचा विकास थांबविल्याचे जाहीर केले. परक्याच्या वेळापत्रकावर आपले वाचक अवलंबून ठेवणे प्रणालीच्या स्वामीला परवडत नाही, हे या घटनाक्रमातून स्पष्ट होते.

मात्र उशीर म्हणजे न्यूनता, असे समीकरण मांडणे योग्य होणार नाही. मॅकवरील पाचवी आवृत्ती एक वर्ष मागाहून आली खरी. पण तिच्यात टास्मन नावाचे स्वतंत्र इंजिन होते आणि वेबमानकांचे पालन ती विंडोजवरील समनाम आवृत्तीपेक्षा अधिक काटेकोरपणे करी. नाव एक, आवृत्तीचा क्रमांक एक, परंतु घडण भिन्न. भाषाभ्यासकाला हा प्रकार परिचित आहे: दोन बोलींत एकच शब्द आढळला तरी त्यांचा अर्थ एकच असेल असे नाही.

क्रोमचे उदाहरण आणखी उद्बोधक आहे. २ सप्टेंबर २००८ रोजी त्याची चाचणी आवृत्ती केवळ विंडोजसाठी निघाली व ११ डिसेंबरला स्थिर आवृत्ती आली. मॅक व लिनक्स यांना स्थिर आवृत्ती मिळाली ती २५ मे २०१० रोजी. म्हणजे अंतर सतरा महिन्यांहून अधिक. पाने निरनिराळ्या प्रक्रियांत कोंडून ठेवणारी क्रोमची सुरक्षाव्यवस्था विंडोजच्या विशिष्ट सोयींवर उभारलेली होती; अन्य प्रणालींवर ती नव्याने रचावी लागली. परंतु क्रोमच्या पोटातील इंजिनाचा प्रवास पाहिला तर क्रम नेमका उलटा दिसतो. केडीई या मुक्त प्रकल्पातील केएचटीएमएल हे त्याचे मूळ. कॉन्करर या ब्राउझरद्वारे ते २००० मध्ये लिनक्सच्या वापरकर्त्यांपर्यंत पोचले होते. त्यापासून ॲपलने सफारीचे वेबकिट घडविले आणि तेच वेबकिट क्रोममध्ये आले. ज्या लिनक्समधून हे इंजिन निघाले, त्या लिनक्सला क्रोमसाठी सर्वांत शेवटच्या रांगेत उभे राहावे लागले. केवळ ‘क्रोम २००८’ असे लिहिणाऱ्या सनावळीत हे सारे लोप पावते.

याउलट साक्ष देणारी उदाहरणेही आहेत. नेटस्केपची चाचणी आवृत्ती १३ ऑक्टोबर १९९४ रोजी विंडोज, मॅक व एक्स विंडो या तिन्हींसाठी एकदमच प्रसिद्ध झाली. नेटस्केपची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. सर्व प्रणालींवर असणे हाच तिचा व्यवसाय होता. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्तीही विंडोज, मॅक व लिनक्स यांवर एकाच दिवशी आली. त्याचा दर्शनी भाग प्रत्येक प्रणालीसाठी वेगळा न लिहिता एका सामाईक पायावर रचला होता, म्हणून हे शक्य झाले. त्या पायाची किंमत म्हणजे, कोणत्याही प्रणालीवर तो पूर्णपणे घरचा वाटत नसे. उलट २०२० मध्ये नव्या एज ब्राउझरची स्थिर आवृत्ती विंडोज व मॅक यांना एकाच दिवशी देणाऱ्या मायक्रोसॉफ्टने लिनक्सला ती नोव्हेंबर २०२१ मध्ये दिली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. देवनागरीतील जोडाक्षरे जुळविणे व ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी आणणे, हे काम ब्राउझर बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमवर सोपवीत असे. विंडोज २००० मध्ये मंगल हा टंक व अशी जुळणी करणारी व्यवस्था आली. ज्या प्रणालीवर ती नव्हती, तेथे ब्राउझर हाती असूनही मराठी मजकूर विस्कटलेला दिसे. म्हणून ब्राउझर प्रसिद्ध झाला तो दिवस आणि तो मराठीसाठी वाचनयोग्य झाला तो दिवस या दोन भिन्न तिथी मानाव्या लागतात.

उपर्युक्त विवेचनावरून एवढा निष्कर्ष काढावयास हरकत नाही की, ब्राउझरचा सन देताना प्रणालीचे नाव, आवृत्ती चाचणीची की स्थिर, आणि अन्य प्रणालींवरील तिथी यांचा निर्देश आवश्यक आहे. कोण आधी व कोण मागून, या क्रमात कर्त्याने कोणाला आपला वाचक मानले आणि कोणाला वाट पाहावयास लावले, याची नोंद असते. ती नोंद वगळली तर इतिहास लिहिला जातो तो केवळ पहिल्या रांगेतील लोकांचा.