बॉयकॉट आणि बहिष्कार

ज्या माणसास लोकांनीं टाळावें त्याचेंच नांव त्या टाळण्यास मिळावें, असा योग भाषेच्या इतिहासांत विरळा. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यांत लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० सालीं कुळांनीं खंडांत सूट मागितली; कारभाऱ्यानें त्यांस जमिनींवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या. काढलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्यास मारूं नका, नुसता एकटा पाडा, असा उपदेश पार्नेल या पुढाऱ्यानें नुकताच केला होता. लोकांनीं तोच उपाय बॉयकॉटवर योजिला. शेतावर मजूर येईना, दुकानदार जिन्नस देईना. शेवटीं उत्तरेकडून पन्नासएक मजूर आणून, सुमारें हजार शिपायांच्या पहाऱ्यांत पीक काढावें लागलें. पिकाच्या किंमतीहून पहाऱ्याचा खर्च कितीतरी पट झाला. वर्ष सरण्यापूर्वीं बॉयकॉट तेथून निघून गेला. नांव मात्र क्रियापद होऊन मागें राहिलें.

पंचवीस वर्षांनीं हें क्रियापद हिंदुस्थानांत घरोघरीं पोंचलें. वंगभंगाच्या निषेधार्थ ७ ऑगस्ट १९०५ रोजीं कलकत्त्यास विलायती मालावर बहिष्कार पुकारण्यांत आला. टिळकांनीं तो उचलून धरला, आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे या कामीं त्यांचे खंदे सहकारी होते. वऱ्हाडास त्यांतील मर्म सांगावें लागत नव्हतें. पातूर, बाळापूर, अकोट या बाजूचा कापूस विलायतेस जाई आणि विलायती कापड येथील बाजारांत येई.

परंतु बहिष्कार मराठी माणसास नवा नव्हता. वाळीत टाकणें, रोटीबेटीव्यवहार तोडणें, पाणवठा बंद करणें, हीं शस्त्रें गांवानें पिढ्यान्‌पिढ्या वापरलीं, आणि तीं बहुधा दुबळ्यांवरच. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनीं १९२४ सालीं 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ सालीं 'बहिष्कृत भारत' पत्र काढलें, तेव्हां त्या एका विशेषणांत शतकांची फिर्याद होती. २०१६ सालीं महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

कृति दोहींकडे एकच, न्याय मात्र एक नव्हे. मेयोच्या कुळांनीं सत्तेस टाळलें. गांवानें निराधारास टाळलें. बॉयकॉटला निघून जाण्यास दुसरा मुलूख होता. वाळीत पडलेल्या कुटुंबास शेजारचें गांवही बहुधा परकेंच असे. यास्तव बहिष्काराचें मोल ठरवितांना आधीं पाहावें तें इतकेंच, कीं कोण कोणास टाळीत आहे.