कार्लाइलच्या घरीं

लंडनमधील चेल्सी भागांत टॉमस कार्लाइल १८३४ पासून १८८१ पर्यंत, मरेपर्यंत, ज्या घरांत राहिला, तें १८९५ पासून स्मारक म्हणून लोकांस खुलें आहे. मार्गदर्शक बाईंनीं आम्हांस माळ्यावरील अभ्यासिका दाखविली. शेजारचे कोंबडे नि पियानो ऐकूं येऊं नयेत म्हणून ती १८५३ सालीं मुद्दाम बांधविली. तरी गोंगाट टळला नाहीं! मग आम्ही तळघरांतील स्वयंपाकघरांत उतरलों. मोलकरीण तेथेंच निजे. पण कार्लाइल रात्रीं तेथें पाइप ओढीत बसला, कीं तो उठेपर्यंत तिला झोंप नाहीं. थोरांचीं चरित्रें म्हणजेच जगाचा इतिहास, हें त्याचें मत आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकविलें. त्या चुलीपाशीं उभे असतां तें प्रथमच अपुरें वाटलें.