दक्षिणा आणि फेलोशिप

पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जाई. १८१८ साली राज्य गेले, तरी इंग्रज सरकारने ती काही अंशी चालू ठेविली. तिच्याच द्रव्यातून १८२१ साली पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ साली काही पुणेकर तरुणांनी, तिचा अंश मराठी ग्रंथकारांस मिळावा, असा अर्ज केला. पुढे कॉलेजांत वेतन घेऊन शिकणारे व शिकविणारे ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रानडे व भांडारकर हे असेच फेलो. निर्वाहाची विवंचना हलकी झाल्यामुळे त्यांस विद्याव्यासंग साधला. आजची कॉलेजे पदवीधरांस नोकऱ्या मिळवून देण्यास झटतात, हे योग्यच; परंतु निर्धन व बुद्धिमान विद्यार्थ्यास अध्ययनाची सवड मिळवून देणे हे त्याच कर्तव्याचे दुसरे अंग होय, असे आम्हांस वाटते.